मुखवटा करणाऱ्यालाच बोलवावे

संग्रहालयांनी स्थानिक कलावंतांकडून मोबदला देऊन नवे काम करवून घ्यावे, म्हणजे आजवर तिकडे न फिरकलेले समाजही येतील, हे एका लेखात वाचलेले प्रतिपादन पटले. मात्र ते कलावंत शहरी कलादालनांच्या यादीतूनच निवडले गेले, तर फारसे काही बदलणार नाही. जिव्या सोमा मशे यांच्यासारखे वारली चित्रकार जपानच्या मिथिला संग्रहालयात जाऊन काम करून आले. नाशिकच्या संग्रहालयांना तर तेवढ्या लांबून कलावंत बोलवण्याचीही गरज नाही, कारण जिल्ह्यातल्याच सुरगाणा-पेठच्या पट्ट्यात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवण्याचा आदिवासी उत्सव, आजही होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, भडक रंगांत रंगवलेले त्याचे मुखवटे संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. काचेच्या कपाटात ते मुके होतात. म्हणून जुना मुखवटा विकत घेऊन टांगण्याऐवजी कारागिराला संग्रहालयातच नवा करायला सांगावा, तो नाचवणाऱ्या सोंगांनाही बोलवावे आणि फलकावर कारागिराचे नाव गावासह लिहावे. मानधनही (शाल-श्रीफळावर भागवण्याची आपली सवय जुनीच आहे) आधी ठरवून त्याच दिवशी हाती द्यावे, कारण सुरगाण्याहून फाइलीमागे हेलपाटे घालणे कोणत्याही कारागिराला परवडणारे नाही.