तळघराची भिंत: पातळ माल, घाईचं शटरिंग आणि बाटलीतला भरवसा

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक सल्ला फिरतोय. सारांश असा: तळघराच्या आरसीसी भिंतीचा बाऊ करू नका. माल, म्हणजे ओलं काँक्रीट, पातळ ठेवा, तो सळयांमधून आपोआप खाली उतरतो. स्लॅबचंच शटरिंग (माल सेट होईपर्यंत धरणारा साचा) उभं करा आणि पूर्ण उंची वरून एका दमात भरा, म्हणजे सांधा राहत नाही. दुसऱ्या दिवशी शटरिंग खोला, आयएस कोडच (भारतीय मानक) तसं सांगतो. वॉटरप्रूफिंगचं केमिकल घातलं असेल तर ओल येत नाही. भिंत उघडी झाली की लगेच मागे माती भरून टाका.

सल्ला सुटसुटीत आहे, म्हणून भराभर पुढे जातो. पण एकदा भराव पडला की ही भिंत बाहेरून पुन्हा हाती लागत नाही, आणि तिच्यातली गळती घरमालक दर पावसाळ्यात भोगतो. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासू.

सगळ्यात घातक मुद्दा पातळ मालाचा. सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीला पाणी-सिमेंटच्या ०.४५ या प्रमाणाने साडेबावीस लिटर पाणी होतं, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच मोजायचं असतं. ‘जरा सैल करा’ म्हणत गोणीमागे पाच लिटर वाढवले की प्रमाण ०.५५ वर जातं. जमिनीत गाडल्या जाणाऱ्या, साध्या भूजलाशी संपर्क येणाऱ्या आरसीसीला आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाने ०.५० ही कमाल मर्यादा घातली आहे, आणि काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा किमान एम २५. मर्यादा ओलांडल्यावर ताकद घटते हे बहुतेकांना माहीत असतं. गळतीचं कारण मात्र वेगळं आहे. सिमेंटला लागत नाही ते पाणी मागे केसाहून बारीक नलिका ठेवतं. काँक्रीट ओलं ठेवलं की त्या हळूहळू बुजत जातात. संशोधक पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेले आकडे इथे पाहावेत: ०.४५ ला या नलिकांची सलगता तुटायला साधारण ७ दिवस लागतात, ०.५० ला १४ दिवस, ०.६० ला ६ महिने. ०.७० च्या पुढे ती कधीच तुटत नाही, कितीही दिवस पाणी मारा. शिवाय पातळ मालात खडी खाली बसते आणि स्लरी (सिमेंट-पाण्याचा रसा) वर तरंगते. दाट सळयांच्या भिंतीत सैल माल लागतो हे खरं आहे, पण तो सैलपणा सुपरप्लास्टिसायझरने, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाने, आणायचा असतो. मिक्सर गाडीच्या ड्रममध्ये कोणी पाण्याचा पाइप सोडत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

आता स्लॅबच्या शटरिंगचं. दीडशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचा ओला माल प्लायवर चौरस मीटरला सुमारे पावणेचारशे किलो भार टाकतो. तीन मीटर उंचीची भिंत झटपट भरली तर तळाशी आडवा दाब चौरस मीटरला साडेसात टनांपर्यंत जातो, म्हणजे वीसपट. साठ सेंटिमीटरच्या चौकटीत टाय रॉड (दोन्ही बाजूंची शटर भिंतीतून आरपार बांधणारे गज) बसवले असतील तर तळाच्या एकेका रॉडवर पावणेतीन टनांच्या आसपास ओढ येते. माल भराभर ओतला किंवा त्यात रिटार्डर (सेट होणं लांबवणारं रसायन) असला की वरचा थर पडेपर्यंत खालचा सेट झालेला नसतो, म्हणून हा दाब पूर्ण धरावा लागतो. शहरातल्या अरुंद प्लॉटवर तर बाहेरची बाजू शेजाऱ्याच्या हद्दीला किंवा खोदलेल्या कातळाला भिडलेली असते आणि शटरिंग एकाच बाजूने उभं राहतं. तिथे आरपार टाय नाही. सगळा दाब तिरक्या टेक्यांवर येतो आणि शटर वर उचललं जाऊ लागतं, त्यामुळे ते राफ्टमध्ये, म्हणजे पायाच्या स्लॅबमध्ये, अँकर करावंच लागतं. सेंट्रिंगवाल्याच्या अंदाजावर हे सोडू नये. आयएस १४६८७ हे फॉल्सवर्कसाठीच (ओलं काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या आधारांसाठीच) आहे आणि भिंतीच्या शटरिंगचा हिशेब कागदावर मागणं हा घरमालकाचा हक्क आहे.

‘एका दमात’ भरणं चांगलंच, पण ते थराथराने. साधारण ४५ सेंटिमीटरचा थर पूर्ण लांबीत फिरवून घ्यायचा आणि व्हायब्रेटरची निडल खालच्या थरात दहाएक सेंटिमीटर उतरवायची. माल वरून सोडण्याची मर्यादा आयएस ४५६ मध्ये दीड मीटर आहे, तेव्हा पंपाचा होज भिंतीच्या आत खाली न्या. आणि सांधा राहत नाही ही समजूतच चुकीची आहे: राफ्ट आणि भिंत यांच्यामधला किकरचा (भिंतीआधी राफ्टवर ओतलेल्या बुटक्या पट्टीचा) सांधा असतोच. पाण्याचा दाब तिथेच सर्वांत जास्त. शटर किकरला घट्ट बसलं नाही तर स्लरी गळून जाते आणि नुसती खडी उरते. फोमची पट्टी आणि सळईला नीट बांधलेला पीव्हीसी वॉटरस्टॉप (सांध्यातलं पाणी अडवणारी पट्टी) ही दोन स्वस्त कामं इथे विसरली जातात.

केमिकलचं उत्तर यातच आहे. आयएस २६४५ मध्ये बसणारं केमिकल चांगल्या काँक्रीटची पारगम्यता कमी करतं. किकरवरचा हनीकोंब (खडीमधली पोकळी) ते भरत नाही, टाय रॉडचं आरपार भोकही भरत नाही. ही भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची, किंवा मुळात मधे वॉटरस्टॉपची चकती असलेला टाय वापरायचा.

शटरिंग दुसऱ्या दिवशी खोलण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. उभ्या बाजूंसाठी कोडमध्ये १६ ते २४ तास दिले आहेत, पण ओपीसी (साध्या पोर्टलँड) सिमेंटसाठी आणि हवा १५ अंशांच्या खाली नसताना. आपल्याकडे गोणी बहुतेकदा पीपीसीची (राख मिसळलेल्या सिमेंटची) असते, तिला धीर हवा. त्यातून उभ्या भिंतीवर पाणी ठरत नाही. शटर चार-पाच दिवस राहू दिलं तर तेच ओल धरतं. नंतर गोणपाट लटकवून पीपीसीला एकूण किमान १० दिवस पाणी.

लगेच भराव करण्याने भिंत मोडूही शकते. बहुतेक तळघरांच्या भिंती वरच्या स्लॅबचा आधार धरून डिझाइन केलेल्या असतात. स्लॅब नसताना माती भरली तर भिंत नुसती खालून धरलेली उभी राहते, आणि त्याच मातीमुळे तळाशी येणारा वाकवणारा जोर अडीचपट होतो. भरायला काळी माती असेल तर ती पाण्याने फुगून आणखी रेटते, तिथे मुरूमच वापरावा. वरचा स्लॅब पडून त्याला ताकद येईपर्यंत थांबा. थांबणं शक्यच नसेल तर भिंतीला आतून टेके कुठे आणि किती द्यायचे, हे डिझायनरकडून लेखी घ्या.