तैवान हा आपल्या भांडणातला पत्ता नव्हे

सीमेवर जरा काही खुट्ट झालं की आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक मागणी हमखास येते: 'भारताने आता तैवानला मान्यता देऊन टाकावी. चीनला कायमची अद्दल घडेल.' गलवाननंतर तर या मागणीला उधाण आलं होतं. २०२० च्या १० ऑक्टोबरला, तैवानच्या राष्ट्रीय दिनी, दिल्लीत चिनी दूतावासाजवळ शुभेच्छांचे फलक लागले आणि इथे तैवानमधल्या शिंचू शहरात, जिथे मी नोकरी करतो, माझ्या सहकाऱ्यांनी त्यांचे फोटो आनंदाने एकमेकांना पाठवले. दुसऱ्या बाजूला पुण्यातले माझे काका. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या घरच्या वाटणीत आपण पडू नये. आज आपण तैवान म्हटलं तर उद्या कोणी काश्मीर म्हणेल.

या दोन्ही बाजू ऐकताना मला एकच गोष्ट खटकते. एकीला चीनवर सूड हवा आहे, दुसरीला चीनचं भय आहे. ज्यांच्या देशाबद्दल हे सगळं चाललंय, ती माणसं दोन्हींकडे नाहीत.

मान्यता नसणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. तैपेईत भारताचा दूतावास नाही. १९९५ साली सुरू झालेली 'इंडिया-तैपेई असोसिएशन' आहे. पासपोर्टचं नूतनीकरण तिथेच होतं. माझ्या पगारावर दोन्हीकडे कर लागू नये म्हणून २०११ मध्ये जो करार झाला, त्यावर दोन सरकारांच्या नव्हे, तर दोन्हीकडच्या अशा प्रतिनिधी कार्यालयांच्या सह्या आहेत. एकमेकांची कागदपत्रं मान्य करण्याच्या हेग कराराचा सदस्य होणं तैवानला शक्य नाही, म्हणून आपल्याकडून 'अपोस्टिल' (त्या कराराखालचा प्रमाणपत्राचा शिक्का) करून आणलेला लग्नाचा दाखला इथे चालत नाही. तो तैवानच्या भारतातल्या कार्यालयाकडून वेगळा प्रमाणित करून घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या माणसाला त्यासाठी पूर्वी कागद मुंबईबाहेर, दिल्लीसारख्या शहरात पाठवावे लागत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत असं कार्यालय उघडलं, तर चीनने भारताकडे त्याचा रीतसर निषेध नोंदवला. कागदांवर शिक्के मारणाऱ्या एका कार्यालयाचा निषेध!

मागे एकदा आपल्याकडच्या एका बँकेचा पत्ता बदलण्याचा फॉर्म मी ऑफिसात भरत होतो. देशांच्या यादीत नाव होतं 'तैवान, चीनचा प्रांत'. ही यादी बँकेने बनवलेली नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची यादी जगभरच्या संगणकांत तशीच उतरली आहे. शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंनी ते वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या वडिलांची लष्करातली सक्तीची वर्षं किनमेनवर गेली." किनमेन हे चीनच्या किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसणारं तैवानचं बेट. १९५८ पासून चिनी तोफा त्याच्यावर दिवसाआड मारा करत होत्या. तो थांबला १ जानेवारी १९७९ ला, म्हणजे अमेरिकेने तैवानची मान्यता काढून बीजिंगला दिली त्याच दिवशी. त्या प्रांताचं रक्षण कोणापासून चाललं होतं, हा प्रश्न बाईंनी विचारला नाही. मला मात्र तो फॉर्म पुढे भरवेना.

काकांच्या म्हणण्याला माझं पहिलं उत्तर हेच आहे. साम्यवादी चीनने तैवानवर एक दिवसही राज्य केलेलं नाही. इथली निवडणूक, सैन्य, चलन, १९९५ पासूनचा सर्वांसाठीचा आरोग्य विमा, सगळं इथल्या लोकांचं आहे. काश्मीरशी त्याची तुलना होऊच शकत नाही. शिवाय अरुणाचलच्या खेळाडूंना पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळ्या कागदावर स्टेपल केलेला व्हिसा देणाऱ्या चीनची नाजूक जागा आपण एकतर्फी किती जपायची? २०१० नंतर भारताने संयुक्त निवेदनांत 'एक चीन'चा, म्हणजे तैवान चीनचाच भाग आहे या भूमिकेचा, पुनरुच्चार सोडला; तेव्हा चीन जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांना असेच व्हिसा देत होता. ते योग्यच झालं.

इतिहासातही आपल्याला आठवण्यासारखं आहे. १९७१ च्या २५ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव २७५८ मंजूर करून चीनची जागा बीजिंगला दिली आणि तैवानमधून राज्य करणाऱ्या चँग कै-शेकच्या सरकारच्या प्रतिनिधींना बाहेर काढलं. भारताचं मत ठरावाच्या बाजूने होतं. त्यानंतर सहा आठवड्यांत, ६ डिसेंबरला, आपण बांगलादेशला मान्यता दिली. १९७२ मध्ये बांगलादेशने सदस्यत्व मागितलं, तेव्हा बीजिंगने आपला पहिला नकाराधिकार त्याच्याविरुद्ध वापरला. माणसं, जमीन आणि सरकार असूनही दार बंद ठेवता येतं, हे आपण फार जवळून पाहिलेलं आहे. ठराव २७५८ मध्ये तैवानचं नावही नाही, तरी आज त्याचाच आधार घेऊन तैवानला प्रत्येक सभागृहाबाहेर ठेवलं जातं.

पण म्हणून ग्रुपवरच्या मित्रांचं बरोबर आहे, असंही नाही. मान्यता द्यायची म्हणजे नेमकी कोणाला? या राज्याचं अधिकृत नाव अजून 'चीनचं प्रजासत्ताक' आहे. मॅकमहोन रेषा, म्हणजे अरुणाचलकडची आपली चीनशी असलेली सीमा, चँगच्या सरकारनेही मानली नव्हती, हे आपल्या चर्चेत कोणी सांगत नाही. नाव बदलून स्वातंत्र्य जाहीर केलं, तर बळ वापरण्याची तरतूद चीनने २००५ च्या कायद्यात करून ठेवली आहे. इथल्या जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक आहे ती स्थिती तूर्त राहू द्या म्हणतात, ते याचसाठी. त्यांना मान्यता नको असते असं नाही. तिची किंमत आपल्या मुलांनी मोजावी लागेल, हे ते जाणतात. आपण घरी बसून ती किंमत परस्पर ठरवू नये.

मान्यतेची भूक किती खोल आहे, ते मी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पाहिलं. टोकियोत प्रीमियर-१२ बेसबॉलच्या अंतिम सामन्यात तैवानचा कर्णधार चेन चिए-शिएन याने तीन धावांचा होमरन मारला आणि धावता धावता छातीवर बोटांनी चौकट आखली. इतर संघांच्या जर्सीवर देशाचं नाव होतं, त्यांच्या छातीवर ती जागा कोरी होती. तैवानने जपानला ४-० ने हरवलं. आमच्या गल्लीतल्या नूडल्सच्या दुकानात ओळखीपाळखी नसलेली माणसं रडत एकमेकांना मिठी मारत होती. २०२४ च्या जानेवारीत, इथली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाल्यावर दोनच दिवसांत, प्रशांत महासागरातल्या नाऊरू या छोट्या देशाने साथ सोडली आणि तैवानला मान्यता देणारे बाराच देश उरले होते. त्या रात्री कोणी ते मोजत नव्हतं.

भारताला करण्यासारखं बरंच आहे आणि त्यासाठी दूतावास लागत नाही. २००३ मध्ये सार्स आला, तेव्हा तैपेईतलं होपिंग रुग्णालय आतल्या माणसांसकट बंद करावं लागलं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं दार तैवानला बंद होतं. २००९ ते २०१६ त्यांना तिच्या वार्षिक सभेत निरीक्षक म्हणून बसता आलं, पुढे तेही गेलं. दर मे महिन्यात ही सभा भरते. तिथे तैवानला पुन्हा बसू द्या, असं भारताने उघडपणे म्हणावं. साथीच्या रोगांची माहिती वेळेवर मिळण्यात आपलाही जीव गुंतलेला आहे.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत भारतीय कामगारांना इथे आणण्याचा जो करार झाला, त्याकडे लक्ष द्यावं. त्याच्या आधी इथे आपल्या लोकांविरुद्ध खोटीनाटी अफवा पसरली होती, करारानंतर मजूरमंत्र्यांना भारतीयांच्या रंगरूपाबद्दलच्या बोलण्यासाठी माफी मागावी लागली. उद्या महाराष्ट्रातली मुलं इथल्या कारखान्यांत येतील. दलालांच्या कर्जात बुडून येणार नाहीत, त्यांना आधी थोडी चिनी भाषा शिकवली जाईल आणि पगार बुडला तर दाद मागायला माणूस मिळेल, हे पाहणं आपल्या सरकारच्या हातात आहे. ग्रुपवरच्या मित्रांनी आपल्या आमदार-खासदारांना पत्र लिहायचंच असेल, तर आधी या विषयावर लिहावं.