घूं-घूं आवाज म्हणजे क्राऊन-पिनियन गेलं?

साताऱ्याकडच्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय: "मागून घूं-घूं आवाज आला की क्राऊन-पिनियन गेलं. १४० नंबर ऑइल भरा, पिनियनचा नट आवळा, तरी थांबलं नाही तर नुसता क्राऊन बदला."

"क्राऊन-पिनियन गेलं": ही डिफरन्शियलमधली, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीतली, दातेरी चक्रांची जोडी; छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. स्विफ्ट, वॅगनआरला मागे डिफरन्शियलच नसतं. तिथला आवाज बहुधा टायरचा नाहीतर चाकाच्या बेअरिंगचा. बोलेरो, ईकोला असतं, पण तिथेही आधी हेच दोन तपासा. डांबरावरून काँक्रीटवर जाताच आवाज बदलला तर टायर. चालत्या गाडीत स्टिअरिंग हलकं डावीकडे नेल्यावर वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो.

मग यवतेश्वर घाट गाठा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढा, त्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरा. फक्त चढताना किंवा फक्त उतरताना शिट्टीसारखा आवाज आला तर दोष क्राऊन-पिनियनच्या दातांचा. दोन्हीकडे सारखी घरघर, वेगाबरोबर वाढणारी, तर बेअरिंग. पिनियन क्राऊनच्या साधारण चौपट फिरतो, म्हणून त्याच्या बेअरिंगचा आवाज बारीक; क्राऊनच्या बाजूच्या बेअरिंगचा जाड. फक्त वळणावर कटकट आली तर आतले स्पायडर गिअर (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे). रिव्हर्समधून पहिला टाकताना 'खट्' झालं तर आधी इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून मागे जोर नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस हलवून बघा.

"१४० ऑइल": हे जास्त जाड ऑइल. त्याने आवाज काही दिवस दबतो, झिजलेला दात भरून येत नाही. जुनी गाडी विकणाऱ्याला मात्र उपाय सोयीचा! कंपनीने सांगितलेलाच ग्रेड भरा, बहुतेक ठिकाणी ८०डब्ल्यू-९०. सपाट जागी डिफरन्शियलचा ऑइल भरायचा बोल्ट काढा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं. कमी असेल तर चढावर ते मागे सरकतं आणि पिनियनचं पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. ऑइल सोडताना करडा बारीक गाळ निघाला तर चालेल, चकचकीत कपच्या नकोत. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

"नट आवळा": हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. अनेक डिफरन्शियलमध्ये नटामागे आवळताना चेपणारी नळी (स्लीव्ह) असते. चेपली की पुन्हा फुगत नाही. बेअरिंग जादा आवळलं जातं, तापतं आणि जातं.

"नुसता क्राऊन": क्राऊन आणि पिनियन एकत्र घासून जुळवलेले असतात, म्हणून बदलायचे तर जोडीनेच. बेअरिंगच गेलं असेल तर जोडीला हात लावू नका, पण नवी बेअरिंग बसवल्यावर शिम (पातळ चकत्या) आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) डायल गेजवर पुन्हा जुळवून घ्या.