चेल्मचा जाहीरनामा मॉस्कोत छापला होता, भावांनो

ग्रुपवर पुन्हा तो फॉरवर्ड फिरतोय, की दुसऱ्या महायुद्धात लंडनला आसरा घेतलेलं पोलंडचं सरकार पळपुटं होतं आणि खरं सरकार 22 जुलै 1944 ला पोलंडमधल्या चेल्म गावात जनतेनंच बनवलं, लाल सैन्यानं फक्त मदत केली. एकेक बघू.

जनतेनं बनवलं? त्या नव्या सरकारच्या जाहीरनाम्यावर गाव चेल्म, पण मजकूर तयार झाला मॉस्कोत, स्टालिनच्या नजरेखालून गेला, छापला मॉस्कोत आणि पहिल्यांदा वाचला मॉस्को रेडिओनं! त्या सरकारची, म्हणजे 'पोलिश राष्ट्रीय मुक्ती कमिटी'ची मंडळी नंतर चेल्मला पोचली, मग लुब्लिन शहरात बसली. पाचच दिवसांत सरहद्दीचा करार करून पूर्व पोलंड सोव्हिएतला देऊनही मोकळी. आता कोणत्या जनतेला विचारलं होतं ते सांगा.

दुसरं, "पोलिश कम्युनिस्ट आधीपासून लढतच होते". अहो, त्यांची पार्टी 1938 मध्ये कॉमिन्टर्ननंच (मॉस्कोतून चालणारी जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना) बरखास्त केली, रशियात असलेले बहुतेक नेते स्टालिननं मारले, वाचले ते मुख्यतः पोलंडच्या जेलात होते म्हणून. हा विनोद इतिहासानंच केलाय. 1943 मध्ये कातिनचं हत्याकांड (सोव्हिएतनं हजारो पोलिश अधिकाऱ्यांना मारलं ते) उघड झालं, लंडनच्या सरकारनं रेडक्रॉसकडे चौकशी मागितली, तर स्टालिननं एप्रिलमध्ये संबंधच तोडले, आणि जूनमध्ये मॉस्कोत पोलिश कम्युनिस्टांच्या 'पोलिश देशभक्त संघ'चं अधिवेशन. संघाच्या नावात कम्युनिझमचा शब्दही नाही, मुद्दामच.

तिसरं मात्र अर्धं खरं आहे, की बर्लिंग या पोलिश अधिकाऱ्याच्या, सोव्हिएतमध्ये उभ्या केलेल्या डिव्हिजनमध्ये पोलिश माणसं जीव तोडून लढली. लढलीच. बेलारूसमधल्या लेनिनोला जर्मनांशी झालेल्या लढाईत ऑक्टोबर 1943 मध्ये दोन दिवसांत जवळपास 3000 जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. पण त्यातले बरेच सायबेरिया-कझाकस्तानला हद्दपार केलेले साधे लोक होते, 1942 ला लंडन सरकारच्या जनरल आंडर्सच्या सैन्याबरोबर इराणला निघता न आलेले (जे निघाले त्यातलेच काही पुढे आपल्या कोल्हापूरजवळ वळीवडेच्या छावणीत राहिले). मागे राहिलेल्यांना घरी जायचा हाच एक रस्ता दिसत होता. त्यांच्या टोपीवर गरुड, छावणीत कॅथलिक पाद्री, तेव्हा ते मार्क्स वाचून भरती झाले असं कुणी सांगू नये. त्यांचं रक्त कमिटीच्या खात्यावर जमा करू नका.

आणि "देशभक्त" नेतृत्व म्हणाल, तर संघाच्या अध्यक्षा वांदा वासिलेव्स्का सोव्हिएत नागरिक होत्या, सुप्रीम सोव्हिएतच्या सदस्य होत्या, युद्ध संपल्यावर पोलंडला न जाता कीव्हलाच राहिल्या आणि 1964 मध्ये तिथंच वारल्या. फॉरवर्डात लंडनवाले पळपुटे, मग बाईंना काय म्हणायचं?