ट्रेलर मागे असताना टॉप गिअर? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

महिनाभर सातारा-वाईच्या गाडीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. मला एकट्यालाच तो सहा जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय: ट्रेलर ओढताना गाडी कायम टॉपला ठेवा, आरपीएम कमी म्हणजे डिझेल कमी आणि इंजिनाला आराम. गाडी ऑटोमॅटिक असेल तर डीमध्ये (ड्राइव्ह) टाका आणि विसरून जा, ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद केला की गिअरबॉक्स जातो. घाट उतरताना न्यूट्रल मारा, फुकटात खाली याल.

बावीस वर्षं मी गिअरबॉक्स खोलतोय. यातला एकही सल्ला ओझं मागे असताना पाळू नका, एवढं मला कळकळीने सांगायचंय. पिकअपमागे राहण्याचा ट्रेलर जोडून पाचगणी-कासकडे जाणारी मंडळी आता दिसू लागली आहेत, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या तर रस्त्यावर असतातच. त्यामुळे हा मेसेज साधा नाही.

पहिला मुद्दा, इंजिनाच्या आरामाचा. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात गाडी आणि ट्रेलर मिळून तीन टन वजन आहे, चढ सहा टक्के, म्हणजे 100 मीटरला 6 मीटर, आणि वेग ताशी 40 किलोमीटर असं धरू. एवढं ओझं वर न्यायला चाकांपाशी साधारण 33 हॉर्सपॉवर लागतात. गिअर कोणताही टाका, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की इंजिन ती ताकद किती फेऱ्यांत देतं. टॉपला 1300 आरपीएमवर त्याला जवळजवळ 180 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, द्यावा लागतो, तिसऱ्याला 2000 आरपीएमवर 117 पुरतो. लहान डिझेल इंजिनाची 180 म्हणजे जवळपास सगळी ताकद झाली, तीही टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) नीट फुंकायच्या आत. हवा कमी, डिझेल जास्त, मग काळा धूर. प्रत्येक धक्का पिस्टन आणि बेअरिंगवर जोराने बसतो आणि फेऱ्या कमी असल्याने बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ पडतो. रेस तळापर्यंत दाबूनही गाडी घरघरतेय, स्टीअरिंग थरथरतंय, याला आराम कसं म्हणायचं? बैलाला मोठं पाऊल टाकायला लावून चढ चढवत नाहीत, छोट्या पावलांनीच चढवतात.

गिअरबॉक्सच्या आतलं मेसेजमध्ये कुणीच सांगत नाही. मागची चाकं ओढणाऱ्या बहुतेक पाच गिअरच्या पिकअपमध्ये चौथा गिअर डायरेक्ट असतो. इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट सरळ एकमेकांना जोडले जातात, ओझं दातांच्या जोडीवरून जातच नाही. पाचवा म्हणजे ओव्हरड्राइव्ह. यात इंजिनाच्या एका फेरीला मागचा शाफ्ट एका फेरीहून जास्त फिरतो. ही सगळी ताकद आधी खालच्या शाफ्टवर उतरते आणि मग पाचव्याच्या जोडीतून परत वर येते. अनेक बॉक्समध्ये ही जोडी अगदी मागच्या टोकाला बसवलेली असते. ओझं ओढून आलेले बॉक्स खोलले की बाकीचे गिअर चकचकीत आणि पाचव्याचे दात खड्डे पडलेले, असं मी कितीदा पाहिलंय. ओढताना टॉप टाळा, असं काही गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं, ते यासाठीच.

दुसरा मुद्दा ऑटोमॅटिकचा. डी वाईट नाही, पण मागे ट्रेलर आहे हे साध्या डीला माहीत नसतं. चढावर गाडी टॉप टाकते, वेग पडला की खालचा घेते, वेग आला की पुन्हा टॉप. दर अर्ध्या मिनिटाला हा खेळ चालतो. प्रत्येक बदलात आतल्या क्लचप्लेटा थोड्या घसरतात, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) लॉक सुटतं, आणि ही सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते. गिअरबॉक्सचा खरा शत्रू ही उष्णताच. ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण कंपनीने दिलंय ते याच वेळेसाठी, त्याने बॉक्स खराब होत नाही. नव्या गाड्यांत टो मोड असेल तर तो लावा, तो वरचा गिअर उशिरा टाकतो आणि उतारावर स्वतः खाली येतो. तुमच्या बॉक्सला डिपस्टिक असेल तर एक थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकून बघा. ऑइल बहुधा लालसर असतं. तपकिरी होऊन करपल्याचा वास आला, तर बॉक्स आधीच सोसतोय.

आता न्यूट्रल. याच्यावर मला जास्त बोलायचंय, कारण इथे माणूस जातो.

गेल्या हिवाळ्यात वाईच्या बाजूला घाटाच्या पायथ्याशी एक पिकअप उभी होती, मागे पत्र्याचा छोटा ट्रेलर, चाकांतून धूर. चालवणारा तरुण पोरगा म्हणाला, "दादा, पेडल पार तळाला जातंय." पाचगणीपासून न्यूट्रल मारून, ब्रेकवर पाय ठेवून तो उतरला होता. पुढच्या डिस्क निळ्या पडल्या होत्या. ब्रेकचं ऑइल कधी बदललं, हे त्याला आठवत नव्हतं. डॉट 3 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, पण पाणी शोषलेलं जुनं ऑइल 140 च्या आसपासच उकळू शकतं. लाइनमध्ये वाफ झाली की पेडल दाबून काही होत नाही, वाफ नुसती दबते. आणखी दोन वळणं असती तर तो पोरगा माझ्याशी बोलला नसता.

पाचगणी वाईपेक्षा साडेपाचशे मीटरहून उंच आहे. तीन टन एवढं खाली आणताना जी ऊर्जा निघते, तिने 20 अंशांचं सुमारे 48 लिटर पाणी उकळीला येईल. हवा आणि टायर थोडी खातात. उरलेली इंजिनाने घेतली नाही, तर ती ब्रेकनेच सोसायची.

आणि वाचतं काय? गाडी गिअरमध्ये आणि पाय रेसवरून काढलेला असेल, तर आजचं इंजिन फेऱ्या पुरेशा असेपर्यंत डिझेलचा थेंबही घेत नाही, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल जात राहतं. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती बचतच नाही.

ट्रॅक्टरवाल्यांना तर हात जोडून सांगतो. अनेक ट्रॅक्टरांत सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारा भाग, नसतो. उतारावर न्यूट्रल मारला आणि वेग वाढला, की गिअर परत पडत नाही, नुसता करकरतो. बहुतेक ट्रॅक्टरांचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, ट्रॉल्यांना बहुधा नाहीच. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागून ढकलतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो. उतार सुरू व्हायच्या आधी, वेग कमी असतानाच खालचा गिअर टाका. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगत आलेत आणि ते अजून खरं आहे.

टॉप कधीच टाकू नये, असं मात्र मी म्हणत नाही. सातारा-कराड रस्त्यावर सपाटीला, हलका ट्रेलर असताना आणि पुस्तिकेत मनाई नसेल तर जरूर टाका. वेग टिकवायला रेस अर्ध्याहून जास्त दाबावी लागली, की चौथा घ्या.