खुलासा: ‘मोबाइल काढून घ्या, पोरगं ताळ्यावर येईल’

‘लॉकडाउनपासून पोरं चिडकी झाली ती मोबाइलमुळं. तो काढून घ्या. आणि मरणाचं विचारू नका, विचारलं की डोक्यात भरतं.’ सोलापुरात फिरणाऱ्या या सल्ल्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, यंत्रमाग थांबले, विड्यांचं कामही थांबलं. एका खोलीत सगळं घर, उधारी, वर शिक्षण सुटायची भीती. मोबाइलनं झोप मोडते हे खरं, पण मूळ ताण बहुतेकदा असा जुना असतो. फोन हिसकावला तर मित्रांशी उरलेला धागाही तुटतो. रात्री तो बाजूला ठेवायचं दोघांनी मिळून ठरवा.

किशोरवयात नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही, बऱ्याचदा चिडचिडीतून दिसतं. दोन आठवडे जवळपास रोज चिडचिड किंवा उदासी, झोप-भूक बिघडलेली, आवडत्या खेळातही मन नाही, एवढं दिसलं की सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा. गोळ्या दिल्या तर फरक पडायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून परस्पर बंद केल्या जातात, तिथंच घोटाळा होतो.

आणि विचाराच, स्पष्ट शब्दांत: ‘जीव द्यावा असं वाटतं का रे?’ विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, मूल बोलतं होतं. ‘हो’ म्हणालं तर एकटं सोडू नका, उंदराचं औषध आणि गोळ्या घरातून हलवा, १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.