अ‍ॅव्हरेजची पैज आणि ई-२०चं भांडण

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे गाडीचं अ‍ॅव्हरेज १५-२० टक्के पडलं, असं साताऱ्या-सांगलीकडचे गाडीवाले म्हणतात. जुन्या गाड्यांत ३ ते ६ टक्के घट येते, असं सरकार म्हणतं. त्यातच 'सातारा-सांगली कोण कमी पेट्रोलमध्ये जातो' अशा मैत्रीच्या पैजा लागतात. जर्मनीतून हे पाहताना वाटतं, पैज नीट लावली तर भांडणाचं निम्मं उत्तर तिच्यातच मिळेल.

आधी हिशेब. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे ई-१० वरून ई-२० वर आलं की साडेतीन टक्क्यांच्या आसपास फटका बसणार. एवढा बारीक फरक पकडायला मोजमापही तसंच काटेकोर हवं, आणि घोडं तिथेच अडतं.

सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर, सांगली ५५० वर. बाराशे किलोच्या गाडीला जाताना या उताराचं जवळपास पाव लिटर पेट्रोल फुकट मिळतं. १२० किलोमीटरला सहा लिटर लागत असतील तर हेच चार टक्के झाले. त्यामुळे एकेरी आकडा बाद, जाऊन-येऊनच मोजायचं. टाकी भरताना पंप तोच, नोझल तेच आणि गाडीचं तोंडही त्याच दिशेला हवं, कारण फरशीच्या उतारानं ऑटो-कट लवकर किंवा उशिरा पडतो. पहिला कट पडला की थांबायचं. 'राउंड फिगर करू का साहेब?' याला ठाम नकार. गळ्यापर्यंत भरलं तर पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि तो खराब होतो. इतकं करूनही ४०० मिलीची चूक राहू शकते. बारा लिटरच्या एका फेरीत ती तीन टक्क्यांवर जाते, म्हणजे ई-२०च्या फटक्याएवढीच. म्हणून मध्ये न भरता सलग दोन फेऱ्या. डॅशबोर्डवरचा आकडा जमेस धरू नये, तो बहुधा चढाच असतो.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच. पैजेसाठी चाळीस-पंचेचाळीस पीएसआय भरणाऱ्यांना ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर कळतं. न्यूट्रल तर बंदच. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतात, न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलचं पेट्रोल पीतच राहतं. उतारात इंजिन बंद करणाऱ्याचा ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा कडक होतो. ट्रकच्या मागे चिकटून वारा चुकवणाऱ्यालाही बाद करावं. पैज गळीत हंगाम संपल्यावरच ठेवावी, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे अ‍ॅव्हरेज काढण्यात काही शहाणपण नाही. आणि वेळेची मर्यादा हवीच, नाहीतर कोणी चाळीसनं रांगत पेठ नाक्याला पोचेल.

खरी कळ वेगात आहे. ८० वरून १०० वर गेलं की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. इथे ऑटोबानवर १३० हा सुचवलेला वेग, तिथे हा अडथळा ८०च्या अडीचपटीपेक्षाही वर जातो. भारतातली कंपनीची अ‍ॅव्हरेजची चाचणी ९० वर संपते, युरोपातली १३१ पर्यंत जाते, तरी इथल्याही गाड्या रस्त्यावर चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त इंधन खातात असं युरोपीय आयोगाच्या अहवालात आलंय. कंपनीचा आकडा हुकला म्हणून थेट इथेनॉलला फासावर देता येत नाही.

म्हणून प्रत्येक गाडी दोन चालकांनी चालवावी. एकच गाडी, तेच ई-२०, एकाला १८ आणि दुसऱ्याला २२ मिळाले, तर १५ टक्क्यांच्या तक्रारीत चालकाच्या पायाचा वाटा किती ते दिसेल. निकाल मात्र शंभर किलोमीटरला किती लिटर, असा लावावा. १२ चे १५ झाले तर शंभर किलोमीटरला १.६७ लिटर वाचतात, २० चे २५ झाले तर एकच. 'लिटरमागे पाच वाढवले' म्हणणारा कमी वाचवूनही जिंकतो.

भांडणाचा उरलेला निम्मा भाग मात्र पैजेनं सुटणार नाही, आणि तिथे मी गाडीवाल्यांच्या बाजूनं आहे. जर्मनीत २०११ पासून ई-१० आहे, पण शेजारीच ई-५ ची नळी असते. जरा महाग, तरी पुष्कळजण तीच उचलतात. २०२३ च्या आधीच्या गाडीतले रबरी पाइप आणि सील ई-२० किती वर्षं सोसतील, हे दोन फेऱ्यांत दिसत नाही. इथेनॉलमुळे उसाला दर मिळावा, डिस्टिलरी चालाव्यात, याला कोणाचा विरोध आहे? पण पंपावर ई-१० ची एक नळी ठेवली, तर कारखान्याचा सभासद असलेला गाडीवालाही निवडू शकेल, आणि पुढच्या पैजेत एकाच गाडीत दोन्ही इंधनं भरून मोजता येतील.